खवणी आणि किसणी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अगदी शेवटचा तालुका म्हणजे इंदापूर. उत्तरेकडून भीमा आणि दक्षिणेकडून नीरा अशा दोन नद्या त्याला कवेत घेऊन वाहतात आणि नीरा नरसिंहपूरला, नृसिंहाच्या देवळाच्या पायथ्याशी, एकमेकींना भेटतात. परंतु नद्या दोन असल्या तरी पर्जन्याचे दान या मुलखाच्या पदरात पूर्वापार बेताचेच पडत आलेले आहे, कारण सह्याद्री चढून येता येता मेघांची ओंजळ बहुतांशी मावळातच रिती होते आणि इंदापुरापर्यंत पोहोचणारा पाऊस वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या घरात राहतो. ज्या वृक्षाला समुद्राची दमट हवा, भुसभुशीत जमीन आणि बारमाही ओलावा मानवतो, तो नारळ येथल्या काळ्या, वैशाखात हात-हात भेगाळणाऱ्या रानात आपण होऊन कधी रुजला नाही. असे असूनही या तालुक्यातील कोणत्याही घराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकावे, तर मीठ, मिरची आणि हळद यांच्या खालोखाल हमखास सापडणारा जिन्नस म्हणजे सुक्या खोबऱ्याची वाटी. जे येथे पिकत नाही, तेच येथल्या कालवणाचा कणा होऊन बसावे, या गोष्टीचे मला लहानपणापासून नवल वाटत आलेले आहे.

कोकण आणि देश यांच्या स्वयंपाकातील भेद पुष्कळदा भात आणि भाकरी यांच्या रूपाने सांगितला जातो. मला तो खवणी आणि किसणी या दोन हत्यारांत अधिक नेमका दिसतो. ओला नारळ खवतात आणि त्याचा चव निघतो. सुके खोबरे किसतात आणि त्याचा कीस पडतो. क्रियापदे दोन, हत्यारे दोन, हाती येणाऱ्या पदार्थाची नावेही दोन, आणि या शब्दांची अदलाबदल कोणी केली तर घरातली म्हातारी माणसे तत्काळ सुधारतात. आमच्या घरच्या विळीलाही टोकाशी खवणी होती, परंतु ती नारळीपौर्णिमेचा नारळीभात, एखाद्या बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू आणि गौरी-गणपतीचे चार दिवस एवढ्याच प्रसंगी कामास येई. एरवी तिचे दाते गंजू नयेत म्हणून आजी त्यांना तेलाचे बोट लावून ठेवीत असे. किसणीला मात्र उसंत नव्हती. नारळ ही देवाची, पाहुण्याची आणि मानाची वस्तू: तो ओटीत पडतो, देवळाच्या पायरीवर फुटतो, नव्या विहिरीच्या मुहूर्ताला वाढवला जातो, आणि चाकरीतून कमी करावयाचे झाले तरी माणसाच्या हाती नारळच दिला जातो. खोबरे हे घरातले, चुलीजवळचे, रोजच्या राबत्यातले.

अलीकडे पाककलेची पुस्तके वाचून स्वयंपाक शिकणाऱ्या मंडळींत एक समज दृढ झालेला आढळतो, तो असा की खरा स्वाद ओल्या नारळाचाच, आणि तो मिळत नसेल तर नाइलाज म्हणून सुके वापरावे. हा समज मला सर्वथा चुकीचा वाटतो. सुके खोबरे हा ओल्या नारळाचा गरीब नातेवाईक नाही. तो एक स्वतंत्र पदार्थ आहे, त्याची घडण निराळी, गुण निराळे आणि त्याच्याकडून काम करवून घेण्याची विद्याही निराळी. द्राक्षाऐवजी बेदाणा वापरला असे कोणी म्हणत नाही. ज्या ठिकाणी बेदाणाच हवा तेथे बेदाणाच घालतात.

ही घडण थोडी समजून घेतली पाहिजे. पक्क्या ओल्या नारळाच्या गरात जवळजवळ निम्मे पाणी असते आणि एक तृतीयांशाच्या आसपास स्निग्धांश असतो. तोच गर वाळला म्हणजे पाणी शेकडा सहा-सातपर्यंत उतरते आणि स्निग्धांश शेकडा साठ ते पासष्टपर्यंत चढतो. वाळवण्याचे रिवाज मुख्यतः दोन. एकात नारळ फोडून त्याच्या वाट्या उन्हात किंवा मंद धगीवर वाळवतात. पाणी सुटले की गर आक्रसतो आणि करवंटीपासून आपसूक वेगळा होतो. दुसरा रिवाज अधिक सबुरीचा आहे: पक्के नारळ सोलण्याविनाच माळ्यावर रचून आठ-दहा महिने, कधी वर्षभरही तसेच ठेवतात, आतले पाणी हळूहळू आटते, गर करवंटीची साथ सोडतो आणि नारळ कानाशी धरून हलवला म्हणजे आत खुळखुळ असा नाद ऐकू येतो. हा झाला गोटा. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातले तिपटूर हे या गोटा खोबऱ्याच्या व्यापाराचे विख्यात ठाणे असून केंद्र सरकार दरसाल किमान आधारभूत किंमत जाहीर करते तीही तेल गाळण्याचे खोबरे आणि गोटा खोबरे यांची वेगवेगळी. सावलीत, घाई न करता वाळल्यामुळे गोट्याला जी सौम्य गोडी येते, ती उन्हात झटपट वाळवलेल्या वाटीला क्वचितच येते. करंजीच्या सारणासाठी आणि खिरापतीसाठी जाणत्या बायका गोटाच मागतात, त्याचे कारण हेच.

पाणी गेले म्हणजे वजन घटते, नासण्याचे भय कमी होते आणि माल दूरच्या मजला मारू शकतो. घाटाखालून वर येणारे मीठ, नारळ, खोबरे आणि घाटावरून खाली जाणारे धान्य, गूळ यांची ने-आण लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शतकानुशतके चालत आलेली होती. जकातीची नाकी ओलांडीत, मुक्काम करीत चाललेल्या त्या तांड्याबरोबर ओला नारळ येई तो थोडा आणि महाग, खोबरे मात्र महिनोन्महिने टिकणारे, म्हणून देशावरच्या वाण्याच्या दुकानात कायमचे ठाण मांडून बसले ते खोबरेच. जे टिकते त्याचीच सवय जिभेला लागते, आणि पुढे त्या सवयीलाच चव असे नाव पडते.

या मुलखाच्या कुलदैवतानेही खोबऱ्यावर आपली मोहोर उमटवलेली आहे. जेजुरीच्या खंडोबाला भंडारा आणि खोबरे वाहतात, नव्हे उधळतात. सोमवती अमावास्येला देवाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते त्या वेळी गडाच्या पायऱ्यांवरून हळदीचे पिवळे लोट उठतात आणि त्या लोटांतून खोबऱ्याचे तुकडे गारांसारखे अंगावर पडतात. भाविक ते वेचून पदराला बांधतात आणि प्रसाद म्हणून घरी नेतात. जेजुरीजवळून वाहणारी हीच कऱ्हा पुढे मोरोपंतांच्या बारामतीवरून नीरेकडे जाते, आणि तिच्या काठाकाठाने वसलेल्या घराघरांत मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला तळी भरली जाते. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, भंडारा आणि खोबऱ्याची वाटी ठेवायची, घरातल्या व शेजारच्या पाच पुरुषांनी ते ताम्हन ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर करीत उचलायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे, आणि शेवटी ते खोबरे फोडून भंडाऱ्यासह सर्वांना वाटायचे, असा तो विधी. बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य त्यानंतर. हळदीने पिवळा झालेला तो खोबऱ्याचा तुकडा तोंडात धरून सावकाश चघळावा. प्रथम हळदीची किंचित कडसर चव जिभेला लागते, मग खोबरे मऊ होत जाते आणि त्यातला गोडवा पाझरू लागतो. समुद्रापासून इतक्या दूर, दगडाधोंड्यांच्या या देशात, धनगराच्या आणि शेतकऱ्याच्या देवाला नैवेद्य हवा तो असा, की जो मेंढरांमागे चार दिवस पडशीत राहिला तरी बिघडणार नाही.

सणासुदीचे अन्य पदार्थ पाहिले तरी हाच न्याय. कोकणात गणपतीसमोर ओल्या नारळाच्या आणि गुळाच्या सारणाचे उकडीचे मोदक ठेवतात. आमच्याकडे खोबऱ्याचा भाजलेला कीस, खसखस आणि पिठीसाखर भरून तळणीचे मोदक करतात. उकडीचा मोदक पात्रातून उतरल्यावर गरम गरमच खावा. तळणीचा मोदक आठ दिवसांनी, परगावी राहणाऱ्या लेकीकडे डब्यातून पोहोचला तरी खुसखुशीत राहतो. दिवाळीची करंजी, रामनवमीचा सुंठवडा, आरतीनंतरची खिरापत, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, अंगात बळ यावे म्हणून दुधाबरोबर दिली जाणारी खारीक-खोबऱ्याची पूड, या सर्वांत खोबरे सुकेच हवे; ओले घातले तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटेल आणि घरातल्या माणसांची निराशा होईल.

परंतु खोबऱ्याची खरी कसोटी गोडात लागत नाही. ती लागते वाटणात. बारामती-इंदापूरकडे कालवण म्हणजे काय हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने ताटापूर्वी चुलीकडे पाहावे. कांदा सालीसकट निखाऱ्यात खुपसलेला असतो, आणि खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून जाळावर फिरवली जात असते. खोबऱ्याला तेल लावावे लागत नाही. त्याच्या अंगचेच तेल तापून कडांशी चुरचुरू लागते, पाठीवर बारीक बुडबुडे येतात, आणि क्षणभर त्या वाटीच्या कडेला एक निळसर ज्योत धरते. आजी ती फुंकून विझवी आणि म्हणे, ‘आता झालं, पाट्यावर घे.’ येथे विज्ञानाच्या दृष्टीने काय घडते, तेही सांगण्यासारखे आहे. ओल्या गरात पाणी असते तोवर त्याची उष्णता पाणी उकळण्याच्या अंशापलीकडे सहसा जात नाही, म्हणून ओला चव भाजायला घेतला तर तो बराच वेळ नुसता वाफा सोडीत राहतो. सुक्या खोबऱ्यात पाण्याचा अडसर नसल्यामुळे त्यातील शर्करा आणि प्रथिने यांचा तीव्र उष्णतेत एकमेकांशी तत्काळ संयोग होतो आणि त्यातून तो तपकिरी रंग व खमंग गंध निर्माण होतो, जो भाकरीच्या पापुद्र्यात, भाजलेल्या शेंगदाण्यात आणि कॉफीच्या बियांत आपल्याला ओळखीचा आहे. देशावरच्या रश्श्याचा काळसर रंग आणि वर तरंगणारा तवंग, दोन्ही या भाजण्यातून येतात.

चैत्र-वैशाखात वर्षाचा काळा मसाला होतो त्या वेळी हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. धने, जिरे, मिरे, लवंगा, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल, तीळ, खसखस आणि मिरच्या हे जिन्नस निरनिराळे भाजून सुपांत पसरलेले असतात. खोबरे मात्र डंकावर शेवटी पडते, कारण त्याचे तेल सुटले की बाकीची पूड उखळाला चिकटून बसते आणि कांडप अडते. खोबरे अधिक झाले तर मसाला लवकर खवट होतो, कमी झाले तर रश्श्याला अंग राहत नाही. हे प्रमाण घराघराचे ठरलेले असते आणि सासूकडून सुनेकडे ते कागदावर न उतरता जाते. रोजच्या भाजीला इतके खोबरे परवडत नाही, म्हणून तेथे शेंगदाण्याचे कूट, तीळ आणि कारळे पुढे होतात. मला तर असे वाटते की, कोकणात जे काम ओल्या नारळाने एकट्याने उचलले, ते देशावर खोबरे, शेंगदाणा आणि तीळ यांनी भावंडांप्रमाणे वाटून घेतले.

या दोन परंपरांची गाठ आमच्याच तालुक्यात एका अनपेक्षित जागी पडली आहे. १९८० मध्ये उजनीचे धरण पूर्ण झाले, भीमेचे पाणी मागे पसरले, पळसदेवसारख्या गावांची जुनी वस्ती आणि देऊळ जलाशयाच्या पोटात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे ते पुरातन शिखर पुन्हा उघडे पडते आणि लोक ते पाहावयास जातात. त्या विस्थापनाचे दुःख ज्यांनी भोगले त्यांच्या घरांत ते अद्याप शिल्लक आहे. परंतु त्या पाण्याबरोबर मासेही आले, भिगवणला मोठा मासळीबाजार उभा राहिला, आणि ज्या रानात पूर्वी ज्वारी-बाजरी होती तेथे चिलापी, रोहू आणि कटला यांचे कालवण शिजू लागले. किनाऱ्यावर मासा ओल्या नारळाच्या वाटणात शिजतो. येथे तो भाजलेले खोबरे, लसूण आणि काळ्या मसाल्यात शिजला. नदीच्या माशाला चिखलाचा जो किंचित वास असतो तो या खमंग वाटणाखाली पार दडतो, म्हणून या ठिकाणी हीच पद्धत मला अधिक योग्य वाटते.

खोबरे विकत घेताना काय पाहावे याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. वाटी बोटांनी मोडून पाहावी. ती टचकन तुटली तर कोरडी, वाकली तर तिच्यात ओल आहे असे समजावे. आतली बाजू पांढरी व तुकतुकीत हवी. हिरवट-काळ्या बुरशीचे ठिपके असतील तर ती वाटी खरवडून वापरण्याची काटकसर कदापि करू नये, कारण तसल्या बुरशीत यकृताला घातक विष असू शकते आणि ते भाजल्यानेही पुरते जात नाही. एक तुकडा चावून पाहावा. खोबऱ्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. ओलीने ते आम्ल सुटे झाले की जिभेवर साबणासारखी चव उतरते, तिलाच आपण खवट म्हणतो. एका दिवाळीत आमच्या घरी असे एका वाटीचे खवट खोबरे इतर चांगल्या खोबऱ्याबरोबर किसले गेले आणि शंभर करंज्यांचे सारण वाया गेले. आजीने तेव्हापासून शिरस्ताच घातला: प्रत्येक वाटीचा एक कण प्रथम तिच्या जिभेवर, मगच किसणीवर. पावसाळ्यापूर्वी वाट्यांना दोन कडक उन्हे दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवल्या म्हणजे त्या श्रावणापर्यंत निर्धास्त राहतात.

आता भट्टीविषयी. केक आणि बिस्किटे ही परकी विद्या आहे आणि तिच्यात आपले काही नाही, असे समजण्याचे कारण नाही. कोकणातल्या घरांत काकडी, तांदळाचा रवा, गूळ आणि ओला नारळ यांचे धोंडस पातेल्यात घालून खाली विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भाजण्याचा प्रघात जुना आहे. हा भाजलेला केकच होय, नाव तेवढे निराळे. गोव्यात नारळाचे दूध, अंड्यातील बलक, साखर, मैदा आणि तूप यांच्या पातळ मिश्रणाचा एक थर ओतून तो वरच्या धगीने भाजायचा, त्यावर दुसरा ओतायचा, अशा रीतीने थरावर थर चढवून बेबिंका सिद्ध होते. गोव्याच्या या बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. तेथेच रवा आणि नारळ यांचा बाथ नावाचा केक नाताळात घरोघरी होतो, आणि त्याचे मिश्रण भाजण्यापूर्वी कित्येक तास, पुष्कळदा रात्रभर, मुरत ठेवतात.

आमच्या तालुक्यात भट्टीशी ओळख झाली ती दिवाळीच्या नानकटाईने. घरून मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची, तेथे ओट्यावर पीठ मळायचे, पत्र्यावर गोळे मांडायचे, पत्र्याच्या कोपऱ्यात आपल्या नावाची चिठ्ठी खोचायची आणि आपला नंबर येईपर्यंत दाराशी बसून राहायचे, हा त्या दिवसांतला सोहळाच असे. एका वर्षी गोळ्यांवर शोभेसाठी खोबऱ्याचा कीस भुरभुरवून आम्ही पत्रा आत दिला आणि बाहेर आला तेव्हा प्रत्येक नानकटाईच्या माथ्यावर काळा ठिपका होता. आतली मात्र अजून कच्ची. भट्टीवरच्या म्हाताऱ्या कारागिराने तेव्हा जे समजावून सांगितले ते मी विसरलेलो नाही: भट्टी तापली की प्रथम पाव जातात, त्यांना जळजळीत धग लागते, पाव निघाले, भट्टी उतरली, की मग नानकटाई, आणि खोबरे वर न टाकता पिठात मिसळावे, म्हणजे तूप आणि मैदा त्याला सांभाळून घेतात. घरच्या विजेच्या ओव्हनलाही हाच नियम लागू आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर आणि अर्धी वाटी मंद आचेवर बदामी भाजून हाताने चुरलेला खोबऱ्याचा कीस; तूप आणि साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेटावीत, मग बाकीचे जिन्नस वेलचीसह मिसळून गोळे करावेत आणि एकशे साठ अंश सेल्सियसवर वीस मिनिटांच्या सुमारास भाजावेत. बाहेर काढताना ती मऊ लागते, म्हणून पुन्हा आत ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा, थंड झाल्यावर ती आपोआप खुसखुशीत होते.

केकमध्ये सुके खोबरे घालणारांची तक्रार अशी असते की केक कोरडा होतो आणि तुकडा हातात धरताच भुगा होतो. याचे कारण खोबऱ्याचा कोरडेपणा हेच. ते तहानलेले असते, आणि भट्टीत गेल्यावर मिश्रणातले दूध पिऊन टाकते. यावर उपाय साधा आहे, तो म्हणजे त्याची तहान आधीच भागवणे. पाऊण वाटी बारीक कीस पाऊण वाटी कोमट दुधात अर्धा तास भिजवावा. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी साखर आणि अर्धी वाटी दही घोटून त्यात एक वाटी बारीक रवा मिसळावा, भिजलेले खोबरे दुधासकट त्यात घालावे आणि पुन्हा अर्धा तास मुरू द्यावे, म्हणजे रवाही फुगतो. एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा शेवटी घालावा, कारण दह्याच्या आंबटपणाशी गाठ पडताच सोडा आपले बुडबुडे सोडू लागतो आणि मग थांबण्याची सोय राहत नाही. एकशे ऐंशी अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटे पुरतात. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मिठाचा जाड थर पसरावा, शिटी व झाकणाची रबरी कडी काढून दहा मिनिटे तापवावा, आत तिवईवर डबा ठेवावा आणि मंद आचेवर पाऊण तास धीर धरावा. तुपाऐवजी खोबरेल वापरावयाचे असेल तर इंदापूरच्या थंडीत एक सावधगिरी हवी: हे तेल साधारण पंचवीस अंशांखाली गोठते, त्यामुळे पौषात सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आणि वितळवून घातले तरी गार दह्याशी भेट होताच त्याच्या कण्या होतात. दही, दूध सर्व घरच्या उबेला आलेले असावे.

दुकानात पाकिटातून मिळणारा पांढराशुभ्र चुरा हा तिसराच पदार्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिलोनमध्ये त्याचे कारखाने निघाले. ओल्या गराची काळी पाठ सोलून, बारीक चिरून, गरम हवेत तो झटपट वाळवतात. केकला आणि बर्फीला तो उत्तम. वाटणाला अगदी निरुपयोगी, कारण भाजला तर करपतो आणि वाटला तर पाणचट लागतो. प्रकृतीच्या दृष्टीने एवढे ध्यानात ठेवावे की नारळाचा स्निग्धांश बहुतांशी संपृक्त आहे. ज्यांना हृदयविकाराचा त्रास आहे त्यांनी प्रमाणाबाबत वैद्याचा सल्ला मानावा.

गेल्या दीडशे वर्षांत या मुलखाचे रूप पुष्कळ पालटले. नीरेचा डावा कालवा आला, त्याच्या पाण्यावर ऊस आला, वालचंदनगरसारखी साखर कारखान्याची वसाहत माळावर उभी राहिली, आणि पाण्यापाठोपाठ, कोणी फारसे लक्ष न देता, नारळही आला. आज बारामतीहून इंदापूरला येताना मळ्यामळ्यांच्या विहिरीशी, बंगल्यांच्या अंगणात, बांधांच्या कडेला नारळाची झाडे उंच उभी दिसतात. त्यांना कोकणातल्यासारखा घड धरत नाही, वैशाखातल्या झळांनी झावळ्यांची टोके करपतात, पण घरापुरते नारळ ती देतात. आमच्या परड्यातल्या झाडाचा पहिला नारळ उतरला तो आजी हयात असतानाच. तिने तो रीतीप्रमाणे देवापुढे ठेवला, दुसऱ्या दिवशी फोडला, पाणी आम्हा मुलांना वाटून दिले, आणि विळी पुढ्यात ओढून खवायला बसली. खवणीच्या दात्यांवरचे तेल तिने पदराने पुसून काढले. चव पांढरा, ओलसर, परातीत पडत राहिला. अर्धा नारळ झाल्यावर तिने हात थांबवला, उरलेली वाटी उजेडाकडे धरून पाहिली आणि ती घेऊन गच्चीचा जिना चढू लागली. वर सूप मांडलेले होते, आणि ऊन अजून बरेच बाकी होते.